मुरत घातलेली गाडी

गाडी घरी आली त्या दिवशी चाकाखाली लिंबं चिरडून झाली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटलं आणि शेजारच्या काकांनी पुण्यात विचारायचा तोच प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती?" बीएमडब्ल्यू एमटू. दोन दारं, सहा सिलिंडर. मी आकडा पुटपुटलो. काकांनी पेढा घेतला आणि सांत्वनाला आल्यासारखी माझी पाठ थोपटली.

रात्री पुस्तिका उघडली. पहिले २००० किलोमीटर इंजिन मिनिटाला ५५०० फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही, वेग ताशी १७० च्या वर न्यायचा नाही. ही दुसरी अट ऐकून बायको बराच वेळ हसत होती. संध्याकाळी सहाला कर्वे रस्त्यावर १७ चा आकडा दिसला तरी आम्ही एकमेकांकडे बघतो.

आई मात्र हसली नाही. "तुझ्या बाबांनी चेतक आल्यावर कित्येक महिने चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. चढ आला की मला उतरवायचे. पर्वतीला निम्मी चालत गेले मी!" तिला हे सगळं ओळखीचं होतं. तेव्हा नव्या फियाटच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन, प्लीज पास' अशी पाटी असायची, म्हणजे इंजिन अजून मुरतंय, तुम्ही पुढे व्हा. तशी एक आपणही लावावी, असं मला रोज वाटतं. गाडी कोटीच्या घरातली आणि मागून डिलिव्हरीवाला पोरगा हॉर्न मारतोय, अशा वेळी फार.

टायर साधारण ३०० किलोमीटरनंतर नीट पकड घेतात, ब्रेकना त्याहून थोडं जास्त लागतं. इंजिनाचं प्रकरण मात्र लोणच्याचं आहे. सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा कोरलेल्या असतात, त्यांवर पिस्टनच्या रिंगा घासून घासून आपली जागा करतात. त्यासाठी थोडा दाब लागतो. म्हणजे फार ताणायचं नाही, पण फार लाडही करायचे नाहीत. एकाच वेगात तासन्‌तास नेणंही वर्ज्य. बरणी मधून मधून हलवायची असते, तसं. त्यामुळे एक्सप्रेसवेवर शंभरवर काटा ठेवून लोणावळा गाठणं बाद, आणि ऑफिसला जाताना सिग्नलला उभं राहून काही मुरत नाही.

उरला ताम्हिणी. दर रविवारी पहाटे साडेपाचला निघतो. गाडी उभी ठेवून गरम करायची नसते, चालू करून लगेच हळू निघायचं असतं. तरी त्या पहिल्या गुरगुरण्यानेच आमच्या लिफ्टमध्ये पाटी लागली: 'पहाटे विमान सोडणाऱ्यांनी ते लोहगावहून सोडावे.' अक्षर सुंदर होतं. कोणाचं ते मला माहीत आहे, पेढाही त्यांनीच खाल्ला होता.

पौड मागे पडलं, मुळशीचं पाणी दिसायला लागलं की दुसरा गिअर, तिसरा, परत दुसरा. काटा चार हजारांवर जातो, उतरतो, पुन्हा चढतो. मला आता आवाजावरून साडेतीन हजार कळतात. गतिरोधक कुठल्या कोनात घ्यायचा ते कंबरेला कळतं. मागच्या रविवारी आई सोबत होती. तिला आत बसवायला दोन माणसं लागली आणि बाहेर काढायला तीन. घाटात मागून एसटी आली, मी बाजू दिली, ती धडधडत पुढे गेली. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "बाबाही द्यायचे," एवढंच म्हणाली.

२००० झाले की वर्कशॉपमध्ये जायचं, इंजिनाचं आणि चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचं तेल बदलायचं, मग हळूहळू मोकळीक. पहिल्या आठवड्यात मी भिंतीवर उरलेले किलोमीटर लिहीत होतो.

आज मीटरवर १९६१ आहेत. काल दूध आणायला चालत गेलो.