तुम्ही विचारलेत म्हणून : जाड्या-रड्याचे एवढे काय आहे?

"सर, त्या जाड्या-रड्याचे तुम्हांला एवढे काय आहे?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की नुसत्या सुरावरून विचारणारा कोण ते मी ओळखतो. शहापुरातल्या आमच्या गल्लीच्या मंडळाची मुले तो अदबीने विचारतात, कारण गणपतीतली एक संध्याकाळ ती मला पडदा लावायला देतात आणि ती वाया गेली असे त्यांना मनातून वाटत असते. शाळेतले जुने सहकारी चेष्टेने विचारतात. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने, आणि तेही बेळगावात, आपल्या भाषेतले एवढे विनोदी चित्रपट सोडून लॉरेल आणि हार्डी ह्या दोन परक्या नटांच्या पडापडीत जीव का गुंतवावा, असा त्यांचा सवाल असतो. गेल्या महिन्यात हाच प्रश्न माझ्या पुतण्याने विचारला, आणि त्याच्या विचारण्यात चेष्टाही नव्हती आणि अदबही नव्हती. त्याला मी काहीतरी बोलून टाळले. म्हणून हे लिहीत आहे.

माझी जुनी उत्तरे आधी निकालात काढतो. बरीच वर्षे मी सांगत असे की ह्या दोघांना भाषा लागतच नाही, आणि दुकानाच्या पाटीवर कोणते अक्षर वर असावे यावरून जिथे दगड उचलले जातात त्या गावात ही केवढी मोठी गोष्ट आहे. ह्या वाक्याला टाळ्या मिळत. वाक्य खोटे होते. बोलपट आल्यावर मूकपटांतले कित्येक विनोदी नट बसले. हे दोघे तेव्हाच अधिक बहरले, कारण दोघांचे आवाज त्यांच्या अंगाला शोभत होते. लॉरेल इंग्लंडमधल्या अल्व्हरस्टनचा, हार्डी अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या जॉर्जियाचा, आणि हार्डीच्या बोलण्यातली ती खास दक्षिणी अदब काढून टाकली तर निम्मा विनोद जातो. एवढेच कशाला, १९३०-३१ च्या सुमारास त्यांचे काही चित्रपट स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन आणि इटालियन भाषांत पुन्हा चित्रित झाले, तेव्हा न कळणारी ती वाक्ये उच्चाराबरहुकूम फळ्यावर लिहून कॅमेऱ्याशेजारी ठेवलेली असत आणि हे दोघे ती वाचून बोलत. इटलीतल्या प्रेक्षकांना ते मोडके उच्चार एवढे आवडले की पुढे इटालियन नट त्यांना आवाज देऊ लागले तेही मुद्दाम इंग्रजी वळणाने बोलले. हे वाचले तेव्हा मला आमच्या अण्णाची कन्नड आठवली. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. उद्यमबागेत लेथवर होता. कन्नड गिऱ्हाइकाशी बोलण्याआधी तो आख्खे वाक्य मनात जुळवून घेई, मग छाती पुढे काढून ते एका दमात म्हणून टाकी, आणि समोरचा गालातल्या गालात हसे. भाषा लागते. मोडकी लागते, उसनी लागते, पण लागते.

दुसरे उत्तर मी एका व्याख्यानात दिले होते आणि ते अंगाशी आले. १९२९ च्या 'बिग बिझनेस'मध्ये हे दोघे कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात दारोदार नाताळची झाडे विकत हिंडतात. एका गिऱ्हाइकाशी जुंपते. ते दोघे त्याचे घर मोडतात, तो त्यांची मोटार मोडतो, आणि गंमत अशी की एकाचे मोडून होईपर्यंत दुसरा शांतपणे पाहत उभा राहतो. जमलेल्या लोकांत एक पोलीसही असतो. तो वहीत टिपणे घेत बसतो. मी म्हणालो की आपल्या सीमेवरचे बसला काळे फासण्याचे प्रकार असेच आहेत. तिकडे ह्यांच्या बसला, दुसऱ्या दिवशी इकडे त्यांच्या बसला. सभागृह हसले. नंतर, जुन्या आंदोलनात लाठ्या खाल्लेले एक आजोबा जवळ आले आणि एवढेच म्हणाले, "मास्तर, सिनेमात घर दुसऱ्याचं पडतंय. आमचं घर आमचंच की ओ." मी ती उपमा त्यानंतर वापरलेली नाही. ती माझ्या डोक्यातून गेलेलीही नाही.

आता खरे सांगायचे तर सुरुवात पडद्याच्या मागून झाली. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. गणपतीत गल्लीच्या मधोमध दोन खांबांना पांढरे धोतर ताणून बांधत, भाड्याने आणलेला सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर लावत, आणि पुढची जागा मोठ्यांनी धरलेली असल्यामुळे आम्ही पोरे धोतराच्या पाठीमागे पोत्यावर बसत असू. तिथून चित्र उलटे दिसे, म्हणजे डावीकडचे उजवीकडे. सुरुवातीची अक्षरेही उलटी दिसत, पण ती सुलटी असती तरी आम्हांला कुठे वाचता येत होती! त्या रात्री मी दोन टोपीवाल्यांना एक भले मोठे खोके जिन्यावरून वर नेताना पाहिले. तो १९३२ चा 'द म्युझिक बॉक्स' होता, त्याला लघुविनोदपटाचे ऑस्कर मिळाले होते, आणि लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागातला तो १३३ पायऱ्यांचा जिना अजून जागेवर आहे, हे सगळे फार पुढे कळले. पुढे व्हीसीआरवर तीच फीत सुलट पाहिली तेव्हा मला ती चुकीची वाटली होती.

खोक्यात पियानो असतो. तो कसाबसा वर न्यायचा, खाली घसरू द्यायचा, पुन्हा न्यायचा. शेवटी माथ्यावर पोहोचल्यावर पोस्टमन सांगतो की मागच्या बाजूने सरळ गाडीरस्ता होता, आणि हे दोघे काय करतात, तर पियानो पुन्हा खाली आणतात, घोडागाडीत चढवतात आणि रस्त्याने वर नेतात. ह्या एका जागेसाठी मी तो चित्रपट शेकडो वेळा पाहिला असेल. ह्यात मूर्खपणा आहे हे शेंबडे पोरही सांगेल. मला त्यात दिसते ती काम रीतीने करण्याची निष्ठा. हार्डी कंगाल असतो, पण दार वाजवताना बोटे अशी फिरवतो की जणू सतारीची तार छेडतो आहे. स्वतःची आणि 'माझे मित्र श्री. लॉरेल' यांची ओळख तो पूर्ण अदबीने करून देतो. संकोच वाटला की टायचे टोक चाळवतो. घर कोसळते, रीत कोसळत नाही. आणि घाई नाही. विटा डोक्यावर पडायच्या असतील तर एकेक पडते, मध्ये थांबते, सगळ्या संपल्या असे वाटते, आणि मग आणखी एक येते. आम्ही पोत्यावरून कुजबुजत असू, "आता पडतोय बघ", आणि हसू पडण्याआधीच फुटत असे. त्यानंतर हार्डी सरळ आमच्याकडे पाहतो. चिडून नव्हे, तर गल्लीतला शेजारी कठड्यावरून बघतो तसा: बघितलेत ना, कोणाबरोबर दिवस काढतो आहे मी?

गल्लीने दुसऱ्याच दिवशी आमचे बारसे केले. अण्णा अंगाने थोराड, म्हणून तो जाड्या. मी हळवा, म्हणून रड्या. मला ते फार आवडले. मी मास्तर झालो तसा माझा रड्या गळून पडला. अण्णाचा जाड्या राहिला; लेथवर, लग्नात, बारशाला, सगळीकडे राहिला. माझ्या हे कधी लक्षात आले, असे विचाराल तर उत्तर आहे: जुलै २००९.

आई गेल्यानंतर वाटणी झाली. घर माझ्याकडे राहिले, अण्णाने वडगावात पहिल्या मजल्यावर जागा घेतली, आणि आईचे सागवानी कपाट त्याच्याकडे जायचे ठरले. वाटणीत दोन शब्द जास्त-कमी झाले होते, पण बोलणे तुटलेले नव्हते. सांगितलेले हमाल पावसामुळे आले नाहीत. अण्णा म्हणाला, "चल, दोघंच नेऊन सोडूया." जिना अरुंद, मध्ये एक वळण, पायऱ्या ओल्या. तो खाली राहिला, कारण वजन खालच्याला येते आणि ते आपण घ्यायचे असे त्याने गृहीत धरले होते. मी वरच्या बाजूला. वळणावर कपाट अडकले. ना वर जाईना, ना खाली येईना. कपाटाच्या दाराला आरसा होता आणि त्यात मला अण्णाचा अर्धा चेहरा दिसत होता, लालबुंद, कपाळावरून पाणी निथळणारा. त्याने एक हात सोडून कपाळ पुसले, आणि मग, का कोण जाणे, दोन बोटांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

मी हसलो. हुबेहूब तोच हात होता, तोच नखरा, छातीवर कपाट घेऊन. मला वाटले तोही हसेल. वर दारात त्याचा दहा वर्षांचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र उभे होते. काकाच हसतो म्हटल्यावर तीही हसली, आणि त्यांतल्या एकाने ते नाव घेतले. हसण्यात माझी पकड सुटली. कपाट चार पायऱ्या खाली गेले, आरसा तिरपा तडकला, अण्णा भिंतीला दाबला गेला. लागले फारसे नाही. पण तो आमच्यापैकी कोणाकडेही पाहत नव्हता. हार्डी पडला की वर बघतो, आणि त्याला आपण असतो. अण्णा जिन्याच्या भिंतीकडे पाहत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "हस बाबा. सवय हाय मला." मग आम्ही ते कपाट खाली उतरवले आणि टेंपोने माझ्या घरी परत नेले. वाटेत तो एक शब्द बोलला नाही.

त्या चित्रपटात जिन्यावरून बाबागाडी घेऊन येणारी एक दाई आहे. ती ह्या दोघांची फजिती बघून खदाखदा हसते आणि लॉरेल तिला लाथ घालतो. आयुष्यभर मी स्वतःला लॉरेल समजत आलो होतो. त्या दिवशी मी दाई होतो, आणि मला लाथ घालणारे कोणी नव्हते.

चार वर्षे आमचे बोलणे नव्हते. त्या काळात मी एक आडोसा घेतला होता, तोही सांगतो. हार्डी १९५७ च्या ऑगस्टमध्ये गेला. लॉरेल स्वतः आजारी होता, डॉक्टरांनी मनाई केल्यामुळे तो अंत्यविधीला गेला नाही, आणि 'बेब समजून घेईल' असे म्हणाला. बेब हे हार्डीचे लाडके नाव. मी मनाशी म्हणत असे की अण्णाही समजून घेईल. फरक एवढाच की लॉरेल आजारी होता आणि मी वडगावपासून वीस मिनिटांवर ठणठणीत होतो.

पुढे एका लग्नात गाठ पडली. तोवर अण्णाने शिनोळीकडे, म्हणजे हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, स्वतःचे लहानसे वर्कशॉप टाकले होते. मी त्याला माझे नवे उत्तर सांगितले: की त्या चित्रपटांत हसू हार्डीच्या जाडपणाला येतच नाही, ते त्याच्या नजाकतीला येते, १९३७ च्या 'वे आऊट वेस्ट'मध्ये तो दारूच्या गुत्त्याबाहेर लॉरेलबरोबर नाचतो, तेव्हा त्याच्याइतका हलका माणूस पडद्यावर दुसरा दिसत नाही, जाड्या हे नाव आपण मराठीत ठेवले, त्यात त्याचा काय दोष. अण्णाने सगळे ऐकून घेतले. म्हणाला, "तुला तेचा डान्स दिसतोय. मला तेचं पडणं दिसतंय. सिनेमा एकच की रे."

ह्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. माझे म्हणणे मी सोडलेले नाही. तो नाच पाहून हसू नजाकतीचेच येते, हे मी कोणाशीही वाद घालून सांगेन. पण पोत्यावर आम्ही शेजारी बसलो होतो आणि उलट बाजूने एकच चित्र पाहत होतो असे मी जे धरून चाललो होतो, ते तसे नसावे. भांडूनही ते दोघे एकमेकांना सोडत नाहीत, म्हणून मला आवडतात, हेही उत्तर मी देऊन पाहिले आहे. ते मला शोभत नाही.

पुतण्या सांगत होता की मधुमेहाने अण्णा आता निम्मा झाला आहे, जुने शर्ट अंगावर लोंबतात. १९५६ सालची एक लहानशी घरगुती फीत आहे; तीत हार्डी एवढा वाळलेला आहे की टोपी नसती तर नव्हे, टोपी असती तरी ओळखू आला नसता. ती मी कधी मंडळात लावली नाही आणि लावणार नाही. लॉरेल त्यानंतर आठ वर्षे जगला, पण पडद्यावर पुन्हा आला नाही. मात्र दोघांसाठीचे प्रसंग तो लिहीत राहिला, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

यंदा गणपतीत पुन्हा पियानोच लावणार आहे. पुतण्याला म्हटले, पप्पांना घेऊन ये, खुर्ची पडद्याच्या मागच्या बाजूला ठेवतो. परवा त्याचा फोन आला. येणार की नाही हे अण्णा बोलला नाही, त्याने फक्त विचारायला सांगितले होते, "ते कपाट हाय, की विकून सोडलास?"

कपाट आहे. आरसा तसाच तडकलेला आहे. हे अजून मी त्याला कळवलेले नाही.