तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना मराठी कुणी शिकवलं?

गणपतीत, दिवाळीत मंडळात भेट झाली की कुणी ना कुणी विचारतंच, "नवरा पोलिश-अमेरिकन, मुलं शिकागोत वाढलेली, मग इतकं छान मराठी कसं बोलतात हो? फार मेहनत घेतलीत तुम्ही." मेहनत घेतली, नाही असं नाही. पण खरं श्रेय माझ्या सासूबाईंचं. मराठीचं अक्षरही न येणाऱ्या सासूबाईंचं. वयाच्या ९८व्या वर्षी त्या गेल्या आणि आता हे उत्तर दोन वाक्यांत उरकावंसं वाटत नाही.

त्यांचा जन्म १९२५चा, शिकागोच्या 'बॅक ऑफ द यार्ड्स' वस्तीतला. युनियन स्टॉकयार्ड्समधले गुरांचे बाजार आणि कत्तलखाने म्हणजे त्या वस्तीची भाकरी. वडील पहिल्या महायुद्धाआधी आलेले. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हताच. १७९५पासून १९१८पर्यंत तो रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने वाटून घेतला होता. त्यामुळे वडिलांच्या कागदांवर ऑस्ट्रिया लिहिलेलं, तोंडात मात्र पोलिश. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. कामावरून आले की ते कोपरापर्यंत हात घासून धूत, नखं तपासत आणि मगच लेकीनं ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक हातात घेत. ती एकेक पान इंग्रजीत वाचायची आणि त्यांना पोलिशमध्ये सांगायची. मंदीचे दिवस होते, घरात विकतचं पुस्तक एकही नव्हतं. ग्रंथपाल व्हायचं हे सासूबाईंनी तेव्हाच ठरवलं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्या रोझरी कॉलेजात (आताचं डोमिनिकन विद्यापीठ) ग्रंथालयशास्त्र शिकल्या आणि एका उपनगरातल्या सार्वजनिक ग्रंथालयात निवृत्तीपर्यंत राहिल्या. दुसऱ्या ग्रंथालयांतून पुस्तकं मागवून देण्याचं टेबल त्यांच्याकडे होतं. 'आमच्याकडे नाही' हे त्यांच्या मते अर्धंच उत्तर. कुठे आहे आणि कधी येईल, हे सांगितल्याशिवाय त्या माणसाला परत पाठवत नसत.

एक सल मात्र त्यांना जन्मभर राहिला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस माझा नवरा शाळेत जाऊ लागला, तेव्हा बाईंनी त्यांना बोलावून सांगितलं, घरी पोलिश बोलू नका, मूल मागे पडेल. त्या काळी असंच सांगत, आणि आईबाप ऐकत. सासूबाईंनीही ऐकलं. रोज शेकडो माणसांना पुस्तकं शोधून देणारी ही बाई स्वतःच्या मुलांशी परक्या भाषेत बोलत राहिली. पुढे त्या मुलांच्या आजीच्या शेवटच्या आजारपणात नातवंडं तिच्या उशाशी नुसती बसून राहिली. ती काय म्हणत होती, ते एकालाही कळलं नाही.

आमची लेक तीन वर्षांची असताना बालवाडीतल्या बाईंनी मला तोच सल्ला दिला. मी घरी येऊन सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "हे मी एकदा ऐकलंय. तू ऐकायचं नाहीस." आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागल्या.

आधी त्यांनी माझ्यासाठी पुस्तकं मागवली. आईच वाचत नसेल तर मूल कशाला वाचेल, हे त्यांचं म्हणणं. शिकागो विद्यापीठाच्या रेगनस्टाइन ग्रंथालयात मराठी पुस्तकं आहेत, हे मला त्यांच्याकडून कळलं. ती तिथे कशी आली, हेही. पीएल-४८० कायद्याखाली अमेरिकेनं आपल्याला गहू विकला, त्याचे पैसे रुपयांत जमा झाले आणि १९६२पासून त्यातल्या काही रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तकं अमेरिकेतल्या ग्रंथालयांसाठी खरेदी झाली. साताऱ्यात माझी आई ज्या लाल गव्हासाठी रेशनच्या रांगेत उभी राहायची, तोच हा गहू. त्या गव्हाच्या बदल्यात आलेल्या कादंबऱ्या मी शिकागोत बाळंतपणाच्या रजेत वाचल्या असत्या, तर बरं झालं असतं. तेव्हा मला ठाऊकच नव्हतं.

मुलांसाठी आई साताऱ्याहून अंकलिप्या आणि गोष्टींची पुस्तकं पाठवायची. त्या स्वस्त कागदाचा महिन्याभरात भुगा व्हायचा. सासूबाई विणकामाच्या सुईला पांढरा डिंक लावून ती सुई पुस्तकाच्या कण्याच्या आतून हलकेच फिरवत, मध्ये मेणकागद घालत आणि वर जाडजूड शब्दकोश ठेवून रात्रभर दाबून ठेवत. सकाळी पुस्तक पुन्हा धडधाकट. मग कण्यावर बारीक चिठ्ठी: ८९१.४६. ग्रंथालयात पुस्तकं लावायच्या ड्युई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा हा क्रमांक, आणि पोलिशचा ८९१.८५. आमच्या दिवाणखान्यातल्या फळीवर दोन्ही एकाच रांगेत, एकमेकांच्या शेजारी होती.

आणि मग वाचन. शनिवारी दुपारी त्या खुर्चीत बसत, मूल समोर. "मला काही कळत नाही. तू वाच आणि मला सांग." मुलं मोठ्यानं मराठीत वाचायची आणि बुशाला (शिकागोतली पोलिश नातवंडं आजीला बुशाच म्हणतात) इंग्रजीत समजावून द्यायची. बुशा शंका काढायची. कोल्हा असं का म्हणाला? आधी तर तो वेगळंच म्हणाला होता ना? उत्तर आलं नाही की मूल स्वयंपाकघरात माझ्याकडे धावत यायचं, विचारायचं आणि पुन्हा पळायचं. मी शिकवत बसले असते तर पोरं कंटाळली असती. इथे त्यांनाच कुणाला तरी शिकवायचं होतं. स्टॉकयार्ड्समधून परतलेल्या वडिलांना लहानपणी त्या जसं वाचून दाखवायच्या, तेच हे, फक्त आता ऐकणाऱ्याच्या जागी त्या बसल्या होत्या.

शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. अंधांसाठीच्या राष्ट्रीय ग्रंथालय सेवेकडून बोलकी पुस्तकं टपालानं फुकट येत, ती त्या ऐकत. नात फोनवर मराठीत वाचायची, तेही ऐकत. आणि नवऱ्यानं चौसष्टाव्या वर्षी चर्चच्या तळघरातल्या पोलिश वर्गात नाव घातलं. शनिवारी वर्ग संपला की तो थेट आईकडे जायचा आणि खुर्चीजवळ बसून गृहपाठ वाचून दाखवायचा. पोलिशमध्ये सात विभक्त्या आहेत आणि तो त्या सगळ्या चुकवायचा. नातवंडांची मराठी कधीही न अडवणारी बुशा लेकाला मात्र प्रत्येक वाक्याला थांबवायची, चूक दुरुस्त करायची आणि तेच वाक्य त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायची.