सेल्फ फिरतो पण पिकअप चालू होत नाही? पंप उतरवायच्या आधी वाचा

जुनी डिझेल पिकअप सकाळी चालू व्हायला त्रास द्यायला लागली की गावात पहिलं निदान ठरलेलं असतं, पंप गेला, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पाठवणारा पंप. ते नाही पटलं तर मग नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) गेले. मला याचा खरंच राग येतो, कारण आमच्या नारायणगाव भागात टोमॅटोच्या सीझनला गाडी दोन दिवस उभी राहिली तर क्रेटमधला माल मऊ पडतो, तोपर्यंत भाव कुठल्या कुठे गेलेला असतो, आणि त्यात पंप उतरवून पंप दुरुस्तीच्या लॅबला दिला की हजारांत पैसे जातात नि गाडी सकाळी परत तशीच. पंप खराब होतच नाही असं नाही, होतो, पण तो सगळ्यात शेवटी बघायचा असतो आणि आपल्याकडे सुरुवातच तिथून होते.

आधी एवढंच बघा की सेल्फ फिरतोय का आणि फिरतोय तर कसा. डिझेल गाडीत स्पार्क नसतो, हवा दाबली जाऊन तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते पेटतं, म्हणजे इंजिन पुरेशा जोरात फिरलंच नाही तर हवा तापणार नाही आणि डिझेल कितीही चांगलं येत असलं तरी गाडी काही चालू होत नाही. त्यामुळे सेल्फ रडत रडत फिरत असेल तर डिझेल लाईनला हातच लावू नका, मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीला १२.६ च्या आसपास व्होल्ट पाहिजेत, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली, आणि सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जाता कामा नये. बॅटरी ठीक आहे आणि तरी सेल्फ जड, तर अर्थिंग तपासा, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून चेसिस आणि इंजिनपर्यंतची जोडणी. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थची केबल नाहीतर तिचा बोल्ट गंजलेला आहे. सेकंडहँड गाडीत हे फार सापडतं, विकायला काढताना चेसिसला काळा रंग मारून चकाचक करतात आणि त्या रंगाखाली सगळा गंज तसाच असतो. बोल्ट काढायचा, पॉलिश पेपरने दोन्ही बाजू लखलखीत करायच्या, घट्ट बसवायचा, झालं. चावी फिरवल्यावर नुसतंच टक वाजतं आणि पुढे काही नाही, बॅटरी पण चांगली आहे, तर मग सेल्फचं कटआउट (करंट जोडणारा स्विच) नाहीतर कार्बन (सेल्फच्या मोटारीतले ब्रश), ते वायरमनचं काम.

आता सेल्फ जोरात फिरतोय तरी गाडी चालू होत नाही असं धरू. एक माणूस सायलेन्सरपाशी उभा करा. धूर अजिबातच नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाहीये. पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर येतोय, तर डिझेल येतंय पण पेटत नाहीये, मग हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन तापवणारे प्लग (तुमच्या इंजिनला असतील तर, थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या बऱ्याच डीआय इंजिनांना नसतातच), कॉम्प्रेशन (हवा नीट दाबली जाते का), टायमिंग (डिझेल वेळेवर फवारलं जातं का) हे बघायचं. या एका तपासणीने अर्धं काम होतं आणि फुकट होतं, तरी कोणी करत नाही. फक्त सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये थंड होऊ द्या, नाहीतर एकाचं दुखणं दुसऱ्यावर जाईल. बऱ्याच जुन्या पंपांना स्टॉप सोलेनॉइड (विजेवर डिझेल सोडणारी आणि बंद करणारी झडप) असतो, चावी ऑन केली की पंपावर बारीक टक ऐकू आलं पाहिजे, नाही आलं तर तिथे १२ व्होल्ट येतात का बघा, कित्येकदा नुसती वायर निघालेली असते.

माझी पिकअप जुन्या पंपाची आहे, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल देणारी नवी पद्धत) नाही. घेतली तेव्हा दिवसभर एक नंबर चालायची, रात्री घरी लावली की सकाळी खूप वेळ सेल्फ, मग एकदम चालू, थरथरून परत बंद, परत सेल्फ, आणि एकदा धरली की दिवसभर काही नाही. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, पंप उतरवू, दोन दिवस गाडी ठेवा." मी म्हटलं, "मिस्त्री, पंप खराब असता तर दिवसा घाटात त्रास दिला असता ना?" मालाने भरलेली गाडी वाशीला जाऊन माळशेज चढून परत येते आणि कुठेच अडकत नाही, फक्त रात्रभर उभी राहिल्यावरच अडकते, म्हणजे रात्रीत काहीतरी होतंय. आमच्या घरासमोर चढ आहे आणि गाडी तोंड वर करून लागते. एका रात्री ती उलटी लावली, तोंड उताराकडे, तर सकाळी पटकन चालू झाली. तोंड वर असलं की टाकी पंपापेक्षा खाली जाते, लाईनमध्ये कुठेतरी हवा शिरायला जागा असेल तर रात्रीतून सगळं डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी पंपाला हवाच मिळते. यालाच आपल्याकडे लाईनने एअर धरली म्हणतात.

हे पक्कं करायचे दोन उपाय आहेत. एक म्हणजे फिल्टरवरचा हॅण्ड पंप, रात्री तो दाबून कडक करून ठेवायचा आणि सकाळी सेल्फ मारायच्या आधी परत दाबून बघायचा, मऊ लागला आणि बराच वेळ दाबल्यावर कडक झाला तर डिझेल मागे गेलेलं आहे. दुसरा माझा आवडता, फिल्टर आणि पंपाच्या मध्ये डिझेलला चालणारा पारदर्शक पाईपचा तुकडा टाकायचा. गाडी चालू करून त्या पाईपकडे बघत बसायचं, चांगल्या लाईनमध्ये डिझेल इतकं स्वच्छ दिसतं की ते वाहतंय की थांबलंय तेच कळत नाही, आणि माझ्याकडे त्यात साबुदाण्याएवढे बुडबुडे ओळीने पळत होते. 

मग हवा शिरते कुठून ते शोधायचं. इथे लोक फसतात, कारण सगळे गळती शोधतात, खाली डिझेल सांडलंय का बघतात, आणि टाकीपासून पंपापर्यंतची लाईन तर ओढणारी असते, तिथे बारीक चीर पडली तरी गाडी चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. स्ट्रॉला भोक पडलं की रस सांडत नाही पण नुसती हवाच ओढली जाते, तसंच. म्हणून तुकडे पाडून तपासायचं. मी पाच लिटरचा स्वच्छ कॅन घेतला, त्यात चांगलं डिझेल, कॅन बॉनेटजवळ बांधला आणि टाकीकडून येणारा पाईप फिल्टरवरून काढून तिथे कॅनचा पाईप जोडला, एअर काढली, म्हणजे लाईनमधली हवा बाहेर घालवली, गाडी त्याच चढावर तोंड वर करून रात्रभर लावली. सकाळी एका सेल्फमध्ये चालू. पाईपमध्ये एकही बुडबुडा नाही. म्हणजे पंप चांगला, फिल्टर चांगला, हॅण्ड पंपाचे रबर चांगले, दोष टाकी ते फिल्टर एवढ्यातच. टाकीवरून निघणारा रबरी पाईप वरून एकदम धडधाकट दिसत होता, क्लिप सैल करून मागे सरकवली आणि पाईप अंगठ्याने वाकवला तर क्लिपच्या बरोबर खाली कोरड्या मातीसारख्या चिरा. त्या जागेभोवती धुळीचा ओलसर थर जमलेला होता, एवढीच काय ती खूण. आधीच्या मालकाने क्लिप पुरेना म्हणून वरून बांधकामाची तार आवळलेली, तिने पाईप आणखी कापला होता. नवा पाईप, दोन नव्या क्लिपा, आणि बांजो बोल्ट (डिझेलचा पाईप जोडणारे पोकळ बोल्ट) खोलले होते म्हणून त्यांचे तांब्याचे वॉशर नवे, कारण दाबले गेलेले वॉशर परत नीट बसत नाहीत. पंपाच्या खर्चाच्या मानाने हे काहीच नव्हतं.

दाजींची पिकअप कॉमन रेलची, तिची तऱ्हा उलटी. सकाळी थंड असताना पटकन चालू, पण मार्केटमध्ये माल उतरवून अर्ध्या तासाने गरम इंजिन चालू करायला गेलं की सेल्फ नुसता फिरतो. कॉमन रेलमध्ये सेल्फ मारताना रेलचा दाब साधारण दोनशे बारच्या वर गेल्याशिवाय ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही, आणि गरम डिझेल पातळ असतं, झिजलेल्या इंजेक्टरमधून ते रिटर्न लाईनमध्ये, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या पाईपमध्ये निसटतं, दाब तयारच होत नाही. स्कॅनर लावून सेल्फ मारताना दाब बघायला सांगा, कमी असेल तर रिटर्न टेस्ट करायला सांगा, प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला छोटी बाटली लावतात आणि कोणत्या बाटलीत जास्त भरतं ते बघतात. दाजींच्या गाडीत चारपैकी एकीत बाकीच्यांच्या दुप्पट तिप्पट भरलं, एकच इंजेक्टर गेला होता, चारही बदलायची गरज पडली नाही.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा, जुन्या पंपाच्या गाडीत एअर काढताना इंजेक्टरकडचा नट सैल करून सेल्फ मारतात ते कॉमन रेलला अजिबात करायचं नाही. तिथे गाडी चालू असताना दाब हजार बारच्या वर जातो, तो बारीक फवारा हाताची कातडी भेदून आत जातो, जखम टाचणीएवढी दिसते पण आत डिझेल पसरतं आणि बोट काय हात जायची वेळ येते. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा.

चालताना झटके देते, चढाला दम टाकते, पण थांबून पाच मिनिटांनी परत ठीक, हे वेगळं. तेव्हा टाकीचं झाकण उघडून बघा, फुस्स करून हवा आत गेली तर झाकणाचा श्वास बंद झालाय, टाकीत व्हॅक्यूम तयार होऊन डिझेल ओढलं जात नाही. तसं नसेल तर फिल्टर, आणि फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत थोडं काढा, पाणी खाली बसलेलं स्वच्छ दिसतं. पावसाळ्यात हे दर महिन्याला केलेलं बरं. नवा फिल्टर पण लवकर भरत असेल तर टाकीच धुवायला काढा, तळाचा गाळ जाळीला चिकटतो.

अजून गाडी घ्यायचीच असेल तर बघायला सकाळी लवकर जा, विकणाऱ्याला सांगा मी येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्या गेल्या बॉनेटवर आणि रेडिएटरवर हात ठेवा. गरम लागलं म्हणजे त्याने आधीच चालू करून ठेवलेली आहे, मग दुसऱ्या दिवशी परत या, किंवा त्याच दिवशी चार तास थांबा आणि गाडी चढावर तोंड वर करून उभी करायला लावा.