बीकन-गेम: करवतीचे दात गेले, आता टोलनाका

अखेर आलेख सपाट झाला! सिम्युलेशनमध्ये मी गाड्यांचा एक खेळ चालवतोय: आपली जागा नि वेग सांगणारे छोटे रेडिओ संदेश (बीकन) सेकंदाला किती वेळा पाठवायचे ते प्रत्येक गाडी स्वतः ठरवते, आणि चॅनल सगळ्यांचा एकच. मागच्या अपडेटमध्ये या दराचा आलेख करवतीसारखा दातेरी होता. चॅनल मोकळा दिसला की सगळ्या गाड्या एकदम १० हर्ट्झवर (सेकंदाला १० बीकन), लगेच चॅनल तुंबला म्हणून सगळ्या १ वर, आणि पुन्हा तेच.

युटिलिटी (प्रत्येक गाडी जो फायदा वाढवू बघते तो) तीच ठेवली आहे: बीकन-दराचा लॉगरिदम, वजा किंमत गुणिले स्वतःचा दर गुणिले चॅनल-लोड. कागदावर हा पोटेन्शियल गेम (प्रत्येकाच्या फायद्यातला बदल एकाच सामाईक फलनात दिसतो असा खेळ), नॅश समतोलही (जिथून एकट्याने चाल बदलून कोणाचाच फायदा नाही) एकच. मग घोडं अडलं कुठे? किंमतीचा गुणक वरखाली केला, सीबीआर (चॅनल किती वेळ व्यग्र असतो त्याचं प्रमाण) मोजायची खिडकी वाढवली. दात रुंद झाले, गेले नाहीत. शेवटी इव्हेंट लॉग ओळ न ओळ वाचला तेव्हा चोर सापडला. एक सेकंदाच्या स्टेपवर सुमो (वाहतुकीचा सिम्युलेटर) गाड्या सोडतो त्या पूर्ण सेकंदालाच, आणि बेस्ट-रिस्पॉन्सचा (बाकीच्यांकडे बघून आपला सर्वोत्तम दर निवडण्याचा) टायमर तिथून दर सेकंदाला वाजतो. म्हणजे खालापूरची गाडी काय नि लोणावळ्याची काय, सगळ्यांचा निर्णय एकाच क्षणी, तोच शिळा सीबीआर बघून. पोटेन्शियल गेममध्ये एकेकाने चाल बदलली तर खेळ समतोलाकडे जातो. सगळ्यांनी एकदम बदलली तर कसली हमी! टायमरला शून्य ते एक सेकंदाचा रँडम ऑफसेट दिला. एक ओळ. दात गायब. तो रन मी उगाचच क्यूटीएन्व्हमध्ये (सिम्युलेटरचा चित्रांसकट चालणारा मोड) पुन्हा लावून बघत बसलो. (एरवी लांब रनला कमांडएन्व्हच, म्हणजे चित्रांशिवाय. अ‍ॅनिमेशन बघत बसलं तर पहाट होते.)

खालापूर टोलच्या रांगेत मात्र अजून फुरफुर आहे. दाटी वाढली की लिमेरिकलाही (बीकन-दर आवरणारा एक अल्गोरिदम) हाच आजार: त्याचे गुणक अल्फा ०.१ आणि बीटा १/१५० धरले तर साधारण २८५ गाड्यांपुढे तोही डोलायला लागतो. म्हणून दर वेळी अर्धंच पाऊल टाकायचं, असं डॅम्पिंग घालणार होतो.

पण हे लिहिता लिहिताच सुचलं. रांगेत उभ्या गाडीला १० हर्ट्झ हवेत कशाला? एट्सीच्या (युरोपातली दूरसंचार मानक-संस्था) नियमात सीएएम (तिथला बीकन) सुटतो तो गाडी ४ मीटर सरकली, दिशा ४ अंशांनी फिरली किंवा वेग अर्धा मीटर प्रतिसेकंदाने बदलला तर. नाहीतर सेकंदाला एकच. मग युटिलिटीतल्या लॉगरिदमच्या पुढे वेगाचं वजन का लावू नये? उभ्या गाड्या आपोआप गप्प बसतील आणि शेजारून ८०ने जाणाऱ्याला चॅनल मिळेल. वजन प्रत्येकाचं आपापलं, त्यामुळे पोटेन्शियलही मोडत नाही.

तेव्हा डॅम्पिंग बाजूला, आधी हे. खोटा वेग सांगणारी लबाड गाडी त्यानंतर. ब्रेक मारून नुकत्याच थांबलेल्या गाडीचं (वेग शून्य, पण मागच्यांना तिची खबर हवीच) काय करायचं, ते कोणी सोडवलं असेल तर सांगा.