एरर समोर लिहिलेली असते, मग कळत कसं नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत ज्यांचे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि बिलिंगची सॉफ्टवेअरं मी सांभाळतो, त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी हे विचारलंय. एवढी वर्षं हेच काम करतोस, एरर स्क्रीनवर लिहिलेली असते, ती फोनवर वाचून दाखवली तरी काय बिघडलंय ते लगेच का सांगता येत नाही? उठून का यावं लागतं? काही जण तोंडावर विचारतात, काही जण मनात धरतात आणि पैसे देताना बोलून दाखवतात.

उत्तर असं की स्क्रीनवर जे लिहिलेलं असतं त्यात बिघाडाबद्दल बहुतेक वेळा काही नसतंच. काहीतरी बिघडलंय एवढंच असतं, आणि ते तुम्हाला माझ्याआधी कळलेलं असतं. ‘अनपेक्षित त्रुटी’ एवढं ऐकून बिघाड ओळखायचा म्हणजे फोनवरून फणस बरका की कापा ते सांगायचं.

मालवणातल्या एका हॉटेलचं उदाहरण देतो. मे महिना, बाहेर थाळीसाठी ताटकळलेले पर्यटक, आणि काउंटरवरचं बिलिंग बंद. मालक काकांचा फोन: “अरे, ह्यो म्हणता सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटराक विचार. म्हणजे तूच मरे?” मीच. त्या सॉफ्टवेअरने मला शोधायला सांगितलं होतं, मला काय सांगायचं ते मात्र सांगितलं नव्हतं. चौकटीत फक्त एक आकडा, झिरो एक्स ८०००४००५. विंडोजच्या यादीत या आकड्याचा अर्थ ‘अनिर्दिष्ट त्रुटी’. म्हणजे बिघाडाला नंबर दिला, आणि त्या नंबराचं नाव ‘माहीत नाही’.

कुडाळहून नेरूरपारचा पूल ओलांडून पोचलो. वायर बघितल्या, मशीन बंद करून चालू केलं, मग सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये आत, अगदी आत एक लॉग फाइल, म्हणजे सॉफ्टवेअर काय काय झालं ते स्वतः टिपून ठेवतं ती नोंदवही, सापडली. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं की डेटाची फाइल दुसऱ्या कोणत्या तरी प्रोग्रॅमने उघडून धरलेली आहे. त्या प्रोग्रॅमचा शोध घ्यायला आणखी वेळ गेला. काकांचा मुंबईचा पुतण्या सुट्टीत आला होता. डेटा सुरक्षित राहावा या चांगल्या हेतूने त्याने तो अख्खा फोल्डर आपोआप इंटरनेटवर कॉपी होईल अशी सोय करून दिली होती. ती कॉपी चालू असेपर्यंत बिलिंगला फाइल मिळत नव्हती. फोल्डर त्या सोयीतून वगळला आणि बिलं सुरू झाली.

“पाच मिनटांचा काम, नि दुपार गेली?” काका म्हणाले. बरोबरच बोलले. दुरुस्ती पाच मिनिटांचीच होती. दुपार गेली ती सॉफ्टवेअरला ठाऊक असलेली गोष्ट त्याच्याकडून काढून घेण्यात.

हे असं का होतं, तेही सांगतो, कारण त्यात नुसता आळस नाही. प्रोग्रॅम एकावर एक थरांनी बनतो. सगळ्यात खाली डिस्क, तिच्यावर विंडोज, त्यावर नोंदी सांभाळणारा डेटाबेस आणि सगळ्यात वर ज्याच्यात तुम्ही ‘सुरमई थाळी २’ टाकता ते बिलिंग. फाइल अडकलीय हे विंडोजला नेमकं कळतं. ते डेटाबेसला कळवतं. डेटाबेस आपल्या भाषेत ‘उघडता आली नाही’ असं वर पाठवतो. बिलिंग लिहिणाऱ्याने सगळ्या चुका एकाच जाळ्यात धरायच्या असं ठरवलेलं असतं, म्हणून तिथे त्याचं ‘अनपेक्षित त्रुटी’ होतं. प्रत्येक थराने थोडी थोडी माहिती गाळली आणि तुमच्यापर्यंत चोथा आला. लिहिणारा कुठल्या तरी शहरात एसीत बसून लिहितो. ही चौकट त्याला स्वतःला कधी बघावी लागत नाही, ती मालवणच्या काउंटरवर उघडते.

आकडे म्हणजे निव्वळ बाराखडी असं मात्र समजू नका. काही आकड्यांत जीव असतो. झिरो एक्स ८००७०००५ घ्या. पहिला ८ म्हणजे काम फसलं, मधला ७ म्हणजे तक्रार मूळ विंडोजची आहे, आणि शेवटचा ५ म्हणजे परवानगी नाकारली. शेवटी २ आला तर फाइल सापडली नाही, २० आला तर फाइल दुसऱ्याच्या ताब्यात, ७० आला तर डिस्क भरली. (हे सोळाच्या हिशेबातले आकडे आहेत, २० म्हणजे आपले ३२ आणि ७० म्हणजे ११२.) एवढं मला कळतं, तर सॉफ्टवेअरला ‘डिस्क भरली आहे’ हे तीन शब्द लिहायला काय अडचण आहे? विंडोजमध्ये तो मजकूर तयार असतो, फक्त मागायचा असतो.

आणि काही वेळा आकडा समजूनही उपयोग नसतो. सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर नेटवर्कवर वाटून घेतलेले प्रिंटर ठिकठिकाणी बंद पडले आणि झिरो एक्स ०००००११बी असा आकडा दिसू लागला. छपाईच्या यंत्रणेतलं एक भोक बुजवायला दोन कॉम्प्युटरमधल्या बोलण्यावर कडक ओळखतपासणी लावली होती, त्यात जुनी-नवी मशीनं एकमेकांना नाकारत होती. हे त्या आकड्यावरून कुणाच्या बापाला कळलं नसतं.

आता आमच्या पावसाचं. जूनमध्ये पहिली मोठी लाइट गेली की मला ठरावीक फोन येतात: बँकेची साइट उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते, हॅक झालं काय? बहुतेक वेळा हॅकबिक काही नसतं. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२, ३ व्होल्टची. मशीन बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. पण प्लग चालू असेल तर घड्याळाला मेनमधून वीज मिळत राहते, त्यामुळे बॅटरी मेली तरी उन्हाळाभर कुणाला पत्ता लागत नाही. लाइट तासन्‌तास जाते, यूपीएसही मान टाकतो, आणि मशीन पुन्हा सुरू होतं तेव्हा तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. प्रत्येक सुरक्षित साइटकडे ती खरी असल्याचं एक प्रमाणपत्र असतं, आणि त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. तुमच्या कॉम्प्युटरच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून तो साइट नाकारतो. त्याच्या जागी तो बरोबरच आहे.

इथे क्रोमचं कौतुक करायला हवं. असं झालं की तो बहुतेक वेळा सरळ सांगतो, तुमचं घड्याळ मागे आहे. बास. पतसंस्थेतला शिपाईसुद्धा कोपऱ्यातली तारीख बघून म्हणतो, “ह्या बग, साल चुकलाहा.” त्या दिवशी माझं काम फक्त नवीन बॅटरी घालण्याचं. म्हणजे चांगला मेसेज लिहिता येतच नाही असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. सॉफ्टवेअर वापरायला सोपं कसं करावं याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी १९९४ मध्ये सॉफ्टवेअरसाठी जे दहा निकष मांडले, त्यातला नववा याचाच आहे: चूक साध्या भाषेत सांगा, नेमकी सांगा, वर उपाय सुचवा.

एका ठिकाणी मात्र मी मोघमपणाच्या बाजूने आहे. लॉगिन करताना ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ असं येतं, त्यावर लोक चिडतात की दोघांपैकी नक्की काय ते सांग ना. ते मुद्दाम सांगत नाहीत. ‘पासवर्ड चुकला’ म्हटलं की चोराला कळतं, या नावाचं खातं आहे. तिथे चिडू नका.

बाकी ठिकाणी चिडा. कारण या रिकाम्या चौकटींचं खरं नुकसान माझ्या पेट्रोलचं नाही. त्यांनी लोकांना न वाचायला शिकवलंय. फोनवर मी विचारतो, काय लिहिलं होतं? “काय नाय रे, एक चौकोन इलो, मी ओके केलंय, गेलो.” शंभर वेळा वाचून काही हाती लागलं नाही, तर एकशे एकाव्या वेळी माणूस का वाचेल?

एका काजू कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून गेलो. मशीन चालू केलं तर विंडोजच्याही आधी काळ्या पडद्यावर ओळी आल्या: हार्ड डिस्क बंद पडण्याच्या बेतात आहे, ताबडतोब बॅकअप घ्या, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. इतका शहाणा मेसेज क्वचित बघायला मिळतो. काय झालंय, काय करायचं, सगळं त्यात होतं. तिथल्या मुलीने मी काही बोलायच्या आत सवयीने एफ-१ दाबलं. “सकाळी आल्यावर हे दाबायचं, आधीच्या ताईंनी सांगितलंय.” किती दिवसांपासून, ते तिला माहीत नव्हतं. आधीच्या ताई लग्न होऊन सावंतवाडीला गेलेल्या. डिस्कवरचं बरंचसं निघालं, काही फाइल्स नाही निघाल्या. मालकांनी त्या मुलीला बोल लावला. मला तो पटला नाही आणि मी तसं सांगितलंही.

अलीकडे नवीन पद्धत आलीय, गोड बोलायची. एका सॉफ्टवेअरवाल्यांना मी कळवळून लिहिलं होतं की ‘अनपेक्षित त्रुटी’च्या जागी निदान कुठली फाइल अडली ते तरी दाखवा. पुढच्या अपडेटमध्ये खरंच बदल आला. आता रडवेल्या ढगाचं चित्र येतं आणि खाली ‘अरेरे! काहीतरी चुकलं’. पूर्वी निदान आकडा तरी होता.

तर फोनवरून लगेच सांगता येत नाही ते यामुळे. तुमच्या हातात आहे ते एवढंच: चौकोन आला की ओके दाबायच्या आधी अख्ख्या स्क्रीनचा फोटो काढा आणि मला व्हॉट्सॲप करा. नुसत्या चौकोनाचा नको, खाली कोपऱ्यातल्या घड्याळासकट. लॉगमध्ये हजारो ओळी असतात आणि प्रत्येकीवर वेळ असते. ‘मासे इले तेव्हा’ असं सांगितलंत तर मला अख्खी सकाळ चाळावी लागते, ११ वाजून ४२ मिनिटं दिसली तर दहा-बारा ओळींत काम होतं. पुष्कळदा मग कुडाळात बसूनच दुरुस्ती होते, आणि मालवणला येण्याजाण्याचे पैसे मी लावत नाही.