आजीच्या ओव्या आणि रूटचे २० जीबी

मंगळवार, रात्री ११

लाईट साडेनऊला आली. तोवर गच्चीवर मोबाइलच्या उजेडात बसून, लॅपटॉपनं दोन दिवसांत दाखवलेले सगळे निरोप मी फोटोंवरून वहीत उतरवून काढले. एकही शब्द गाळला नाही. हे रविवारीच करायला हवं होतं.

रविवारी पडद्याच्या कोपऱ्यात पट्टी आली होती: 'लो डिस्क स्पेस ऑन फाइलसिस्टम रूट'. मी पहिले तीन शब्द वाचले. जागा कमी आहे, एवढंच डोक्यात गेलं. शेवटच्या शब्दावर थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मला ऑडॅसिटी, म्हणजे आवाजावर काम करायचा प्रोग्रॅम, टाकायचं होतं. गेल्या उन्हाळ्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही धाकट्याच्या फोनवर घेतल्या. ४३ व्हिडिओ, ११ जीबी. आजीचं माहेर गंगाखेडच्या अलीकडचं. जनाबाईच्या मुलखातली म्हणून तिच्या ओव्यांत जनी सारखी येते, आणि विठ्ठल दळू लागतो तो प्रसंग तर ती सात-आठ तऱ्हांनी सांगते. दळण आता गिरणीवरूनच येतं, तरी आजी रिकाम्या जात्याशी बसते. खुंटा हातात असल्याशिवाय तिला ओवी आठवत नाही. पण मे महिन्यातलं सेलू, पंखा बंद ठेवणं शक्यच नव्हतं. सगळ्या रेकॉर्डिंगवर त्याची घरघर आहे. ती काढायची होती, म्हणून ऑडॅसिटी.

आणि त्याला जागा करायची म्हणून रविवारी मी काय उडवलं? लॅपटॉपवर सगळ्यांत मोठ्या फाइली कोणत्या ते पाहिलं, आणि ते ४३ व्हिडिओ निवडून डिलीट दाबलं. धाकट्याच्या फोनमध्ये आहेतच, असं धरून चालले. जागा तसूभरही वाढली नाही. मग वाळूजला त्याला फोन लावला.

"ताई, तुला दिले तेव्हाच मी उडवले. माझ्या फोनात जागा कुठंय?"

माझे हातपाय गळाले. आजी शेजारीच लसूण सोलत बसलेली. वर्षभरात तिचा आवाज बराच खाली गेलाय. ते रेकॉर्डिंग आज पुन्हा घेतलं तरी गेल्या वर्षीचा आवाज त्यात यायचा नाही.

सापडले. ट्रॅशमध्ये सगळेच्या सगळे होते. फाइल मॅनेजरमधून डिलीट केलेली फाइल जात नाही, त्याच भागातल्या ट्रॅशच्या फोल्डरात जाऊन बसते. ट्रॅश रिकामा करेपर्यंत जागा सुटत नाही. जागा सुटली नाही म्हणून मी वैतागले होते, आणि ती सुटली नव्हती म्हणूनच ओव्या वाचल्या. रात्री बाराला त्या पेनड्राइव्हवर घेतल्या आणि तो आईच्या कपाटात, साड्यांखाली ठेवला.

आज कळलं की ट्रॅश रिकामा केला असता तरी उपयोग नव्हता. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'डीएफ -एच' लिहिलं; डिस्कचा कोणता भाग किती भरलाय ते त्यानं कळतं. एका ओळीत रूट, १९ जीबी, वापर १०० टक्के. दुसऱ्या ओळीत होम, ९३ जीबी, त्यातले ६० मोकळे. व्हिडिओ होममध्ये होते आणि प्रोग्रॅम बसतात रूटमध्ये. वाटणी झालेल्या दोन वावरांसारखं आहे हे. एका भावाचं रान पडीक, दुसऱ्याला वैरण रचायला जागा नाही. मधला धुरा तसाच राहतो, कुणी कोरल्याशिवाय सरकत नाही.

ही वाटणी माझीच. बाबांचा लॅपटॉप जुना, विंडोज ११ च्या अटींत त्याचा प्रोसेसर बसत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून संक्रांतीच्या सुट्टीत मी स्वतः विंडोजच्या जोडीला लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टम टाकली. बाबांच्या हिशोबाच्या फाइलींसाठी १२० जीबी विंडोजकडे राहू दिले. मिंटला किमान २० जीबी लागतात, असं वाचलं होतं. पुढं कंसात १०० जीबी असावेत अशी शिफारस होती. तिच्याकडं लक्ष न देता रूटला २० दिले आणि उरलेलं होमला.

काल आणखी एक झालं. ऑडॅसिटी बसत असताना लाईट गेली. या लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच संपलीय, त्यामुळं लाईट गेली की तोही जातो. परत चालू केला तर काहीही टाकायला गेलं की एकच ओळ: 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड', आणि पुढं कोणती आज्ञा द्यायची तेही लिहिलेलं, 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' (सुडो म्हणजे सिस्टमच्या मालकाच्या अधिकारानं, डीपीकेजी म्हणजे मिंटमध्ये प्रोग्रॅम बसवणारा). ती दिली. उत्तर: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. तीनदा दिली, तीनदा तेच. आज वहीत दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्यावर गाठ दिसली. अर्धवट राहिलेलं पूर्ण करायला डीपीकेजीला स्वतःच्या नोंदी लिहाव्या लागतात आणि लिहायला जागाच नाही. म्हणजे आधी जागा, मग दुरुस्ती.

आजी आत्ता येऊन गेली. "काय गं माय, रातभर त्या डब्ब्यात काय हुडकतीस?" तुझ्याच ओव्या, म्हटलं. तिला खरं वाटलं नाही.

गुरुवार, रात्र

आज लाईट जाण्याचा वार नव्हता, म्हणून काम आजच काढलं.

उडवायच्या आधी मोजायचं, हे ठरवून बसले. रूटमध्ये कुणी किती जागा धरलीय ते 'डीयू' सांगतं. त्याला एक्स हा पर्याय लावला की तो आपला भाग ओलांडून होममध्ये शिरत नाही, नाहीतर दोन्हींची बेरीज एकत्र येते आणि पुन्हा घोळ. सुडो लावून चालवलं. मिनिटभरानं यादी आली. यूएसआर फोल्डर सव्वासहा जीबी, ते ठीक, प्रोग्रॅम तिथंच असतात. व्हार फोल्डर साडेचार. आणि टाइमशिफ्ट, साडेसात जीबी.

टाइमशिफ्ट मीच चालू केलं होतं, आणि ते चांगलंच आहे. काही बिघडलं तर मागच्या स्थितीत परत नेतं. पण ते आख्ख्या सिस्टमची प्रत काढतं, आणि ती प्रत मी रूटमध्येच ठेवू दिली होती. २० जीबीच्या घरात त्याच घराची दुसरी प्रत.

अशा तीन प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, होते. फोल्डर हातानं न उडवता टाइमशिफ्टमधूनच काढायला घेतले. पहिला गेला, जेमतेम दीडशे एमबी सुटले. दुसरा गेला, अडीचशे. मला वाटलं, पुन्हा काहीतरी चुकतंय. मग नीट वाचलं. न बदललेली फाइल टाइमशिफ्ट दरवेळी नव्यानं लिहीत नाही, एकच प्रत तिन्ही स्नॅपशॉटच्या नावावर लावतं. सातबारावर तीन नावं आणि जमीन एकच. शेवटचं नाव निघाल्याशिवाय ती मोकळी होत नाही. तिसरा काढताना मात्र मी बराच वेळ थांबले. सिस्टम अर्धवट अवस्थेत आणि मागं फिरायची वाट तेवढीच. पण ओव्या आईच्या कपाटात होत्या, म्हणून दाबलं. सात जीबी सुटले.

जागा सुटल्यावर पुन्हा डीएफ पाहिलं, तर आकड्यांत एक गोष्ट मला खुपली. वापरलेली आणि मोकळी जागा मिळून एकूण भरत नव्हती, जवळजवळ एक जीबी कमी पडत होता. ईएक्सटी४ मध्ये, म्हणजे हा भाग ज्या पद्धतीनं आखलाय तिच्यात, पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी (हा रूट म्हणजे सिस्टमचा मालक, डिस्कचा भाग नव्हे) राखून ठेवलेली असते, म्हणजे डिस्क भरली तरी सिस्टमला हलता यावं. घरात कितीही ओढ असली तरी पेरणीचं बियाणं बाजूला ठेवतात, तसं. पण सुडो लावून केलेलं काम रूटच्या नावानं होतं, त्याला राखीव जागेतूनही मिळतं. रविवारपासून सुडो लावून पुन्हा पुन्हा टाकायचा प्रयत्न करत मी ते बियाणंही संपवलं होतं. म्हणूनच डीपीकेजी इतकं अडकलं.

मग डीपीकेजीची तीच आज्ञा दिली, आणि ओळी सरकायला लागल्या. त्यानंतर तुटलेलं जुळवायला 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', मग 'सुडो एपीटी क्लीन'. या शेवटच्यानं नेटवरून उतरवून ठेवलेली पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, गेली. मध्येच एकदा 'कुड नॉट गेट लॉक' असं आलं. एका व्हिडिओत ती लॉकची फाइल सरळ उडवताना दाखवली होती. मी उडवली नाही. मागं अपडेट मॅनेजर काम करत होता, कुलूप त्याचं होतं. चहा करून आले तोवर त्याचं आवरलं होतं.

व्हारमध्ये फ्लॅटपॅकही निघाला. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकाच प्रोग्रॅमचे कधी दोन प्रकार मिळतात, सिस्टम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. मी मार्चमध्ये चित्रं लहान करायला एक छोटासा प्रोग्रॅम फ्लॅटपॅकमधून घेतला होता. त्याच्याबरोबर लागणारा रनटाइमही, म्हणजे तो चालायला लागणारा सगळा आधारही, येतो आणि तो काही शेकडो एमबींचा असतो. मोठ्या डिस्कवर कुणाला जाणवणारही नाही. माझ्याकडं तो चालणार नाही. प्रोग्रॅम काढला, मग 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड' दिल्यावर रनटाइमही गेला.

नवा स्नॅपशॉट काढला, या वेळी होमच्या भागावर.

धुरा सरकवणं राहिलंय. होम डावीकडून आक्रसून रूट वाढवायचं तर लॅपटॉप लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्याच्यावरूनच सिस्टम चालते असा) चालू करून जीपार्टेड या डिस्कचे भाग बदलणाऱ्या प्रोग्रॅमनं करावं लागेल, आणि त्यात सगळा डेटा हलतो. मध्ये लाईट गेली तर होम जाऊ शकतं. धाकट्याला सांगितलंय, येताना बॅटरी घेऊन ये. तोपर्यंत हात लावणार नाही.

शुक्रवार

ऑडॅसिटी बसलं, सिस्टम पॅकेजमधून. ओवी सुरू व्हायच्या आधी नुसताच पंखा ऐकू येतो ते चार सेकंद निवडले, त्याला हीच घरघर म्हणून ओळख करून दिली, आणि मग सगळ्या पट्टीवर नॉइज रिडक्शन लावलं. पहिल्यांदा जास्त झालं, आजीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मागं घेतलं, कमी लावलं. आता थोडा पंखा आहे, पण आजी पूर्ण आहे.

तिला ऐकवलं. ती डोळे मिटून बसली, हात आपोआप मांडीवर गोल फिरत होता. जनीची ओवी आली तशी म्हणाली, "थांबव. हितं मधली एक राहिली."

मधली ओवी तिनं म्हणून दाखवली. फोन तेव्हा हाताशी नव्हता. रविवारी सकाळी सहाला, ऊन व्हायच्या आत, पंखा बंद करून जात्याशी बसायचं ठरलंय.