पपई, स्कूटर आणि तेरा-चौदा

धाकट्या जावेचा कॅरिओटाइप रिपोर्ट, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा अहवाल, आला. गर्भ टिकत नव्हता म्हणून नवरा-बायको दोघांचंही रक्त दिलं होतं. दीर नॉर्मल, हिच्यात रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन. कागदावर पट्ट्यापट्ट्यांची गुणसूत्रं जोडीजोडीने मांडलेली, त्यात १३ नंबरचं एक सरळ १४ च्या एकाला चिकटलेलं. म्हणून एकूण ४६ ऐवजी ४५. तिला स्वतःला काडीचा त्रास नाही, कारण कामाचा मजकूर सगळा जागेवर आहे. गडबड होते ती बीजांड तयार होताना: वाटणी कधीकधी चुकते, गर्भाला एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी जातं आणि तो बहुतेकदा टिकत नाही.

आणि घरात इतके दिवस काय चाललं होतं? सगळा दोष हिचाच: पपई खाल्ली, स्कूटर चालवली, नोकरी सोडली नाही! (दिराच्या खाण्यापिण्याची चौकशी कुणी केली नाही, हे आपलं जाता जाता.)

समुपदेशक बाई छान होत्या. नैसर्गिकरीत्याही निरोगी बाळ होऊ शकतं, म्हणाल्या. नाहीतर आयव्हीएफ करून गर्भ आधी तपासून घेता येतो. जावेच्या बहिणीलाही तपासणी करून घ्यायला सांगितलंय.

जाऊ रिक्षात पहिल्यांदा मनमोकळी रडली, मग भूक लागली म्हणाली. सासूबाईंशी पपईबद्दल मी बोलणार आहे.